यंदा कशात उतरायचं? पुरुषोत्तम, फिरोदिया, रासेयो की आविष्कार

प्रवेशाची धावपळ संपली की पुण्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना चहूबाजूंनी बोलावणी सुरू होतात. कलामंडळाची मुलं जिन्याजवळ पुरुषोत्तम या एकांकिका स्पर्धेच्या ऑडिशनचा कागद चिकटवून जातात. राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) सर तास थांबवून नावनोंदणीचं सांगतात. एखाद्या मॅडम ‘आविष्कार’ या संशोधन संमेलनासाठी विषय शोधायला लावतात आणि कँटीनमध्ये बसलेले सीनियर फिरोदिया या विविध कला स्पर्धेचे किस्से रंगवत असतात. यावर बहुतेकांचं दोनपैकी एक होतं. काही जण सगळीकडे नावं देतात आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत सगळीकडून गळतात. बाकीचे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात आणि तसंच म्हणत पदवी घेऊन बाहेर पडतात.

माझं मत आधीच सांगते. करंडकाचं नाव किती मोठं, यावरून निवड करू नका. पहिल्या वर्षाला तुमच्या वाट्याला नेमकं कोणतं काम येणार आणि एक दिवस तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं काही अडणार का, एवढं बघा. जिथे अडणार असेल तिथे जा. नामांकित संघात विसावा मदतनीस होऊन कोपऱ्यात बसण्यापेक्षा साध्या संघात एका कामाची पुरती जबाबदारी घेतलेली कधीही बरी. पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका कसोटीवर घासून लिहिलं आहे.

कोणतं कधी, आणि काय कशावर आदळतं

चारही गोष्टी वर्षात वेगवेगळ्या ठिकाणी येतात, आणि निम्मा निर्णय इथेच होतो. पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये आणि अंतिम फेरी सप्टेंबरमध्ये. म्हणजे संहिता, ऑडिशन आणि तालमी हे सगळं कॉलेज सुरू होताहोताच. आविष्कारची महाविद्यालयीन निवड पहिल्या सत्रात आणि पुढच्या फेऱ्या हिवाळ्यात. रासेयोचं काम वर्षभर थोडंथोडं चालतं, पण सात दिवसांचं शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास लागतं. फिरोदिया फेब्रुवारीकडे, त्याच्या तालमी डिसेंबरपासून. तारखा पुढेमागे होतात, क्रम सहसा हाच राहतो.

यावरून लगेच दिसतं की पुरुषोत्तम आणि रासेयो एका वर्षात आरामात बसतात. पुरुषोत्तम आणि फिरोदियाही बसतात. मधे परीक्षा आणि दिवाळी येते, दम खायला वेळ मिळतो. फिरोदिया आणि रासेयोचं शिबिर मात्र एकमेकांच्या अंगावर येतात, आणि फिरोदियाच्या ऐन तालमीतून सात दिवस गायब झालेल्या कलाकाराला दिग्दर्शक काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आविष्कारचं वेगळं आहे. विद्यापीठाच्या फेरीपर्यंत पोचलात तर हिवाळ्यात तारखा ऐन वेळी कळतात, त्यामुळे त्यासोबत दुसरं घ्यायचं तर शक्यतो पावसाळ्यातलं घ्यावं.

पुरुषोत्तम

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पुरुषोत्तम रामचंद्र म्हणजेच अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ ती सुरू झाली. जागा सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. भरत नाट्य मंदिराचं मूळही १८९४ सालच्या ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या विद्यार्थ्यांच्या मंडळात आहे, हे तिथे घसा फोडून ओरडणाऱ्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. प्राथमिक फेरीत ५१ संघ, अंतिम फेरीत ९. पहिला पुरुषोत्तम करंडक, दुसरा हरि विनायक करंडक, तिसरा संजीव करंडक आणि प्रयोगशील एकांकिकेसाठी जयराम हर्डीकर करंडक. जब्बार पटेल, सतीश आळेकरांपासून अमेय वाघ, निपुण धर्माधिकारींपर्यंत पुण्याच्या रंगभूमीवरची कितीतरी नावं याच वाटेने पुढे आली.

स्पर्धेचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर आहे; झगमगीत नेपथ्याने इथे कुणी जिंकत नाही. पैसे नसलेल्या संघाला यामुळे फार मोठा आधार मिळतो. चार लाकडी लेव्हल, दोन खुर्च्या आणि एक चांगली संहिता घेऊन तालुक्याच्या गावचं कॉलेजही इथे बड्या बड्या संघांना घाम फोडू शकतं. आणि माप किती कडक असावं? २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची नाही असं म्हणून परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. वाद खूप झाला. मुलांच्या एवढ्या कष्टांचं काय, हा प्रश्न रास्तच होता. तरीही स्पर्धेने आपलं माप खाली आणलं नाही याबद्दल मला तेव्हाही आदर वाटला होता, आजही वाटतो.

आता पहिल्या वर्षाच्या मुलाच्या बाजूने बघू. भूमिका तीन-चार, ऑडिशनला येणारे पाच-सहा पट, आणि त्यात आधीच्या वर्षी गाजलेले सीनियर. बोलणारी भूमिका मिळणं अवघडच. तुम्हाला बहुधा बॅकस्टेज मिळेल, नाहीतर ‘प्रॉक्सी’. म्हणजे कुणी नट आला नाही की त्या दिवशी त्याची वाक्यं वाचायची, त्याच्या जागी उभं राहायचं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण दीड महिना प्रॉक्सी केलेल्या मुलीला एकांकिकेतली सगळी पात्रं तोंडपाठ असतात, कुठलं वाक्य का बदललं हे माहीत असतं, आणि पुढच्या वर्षीच्या ऑडिशनला ती इतरांच्या फार पुढे असते.

बॅकस्टेजचंही तेच. रंगमंचावर खडूच्या नाहीतर चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या असतात. अंधारात, मोजक्या सेकंदांत, खुर्ची त्या खुणेवर ठेवून विंगेत परतायचं असतं. खुर्ची वीतभर इकडेतिकडे झाली की दिवा नटाच्या खांद्यावर पडतो, तोंड काळोखात राहतं, आणि तो बिचारा न दिसणाऱ्या चेहऱ्याने आपलं सगळ्यात चांगलं वाक्य म्हणून जातो. प्रेक्षकांत बसलेल्या कुणालाही त्या खुर्चीवाल्याचं नाव माहीत नसतं, पण प्रयोग त्याच्यावर उभा असतो. तालमीत रोज तीच खुर्ची त्याच जागी ठेवणारं एक माणूस लागतंच, आणि ते रोज एकच असावं लागतं. माझ्या कसोटीवर हे काम पूर्ण गुणांनी पास होतं.

अट एकच. तुमच्या कॉलेजच्या संघात बॅकस्टेजला माणूस मानतात की हमाल, हे आधी बघून घ्या. काही संघांत पहिल्या वर्षाच्या मुलांना चहा आणायला आणि बाइकवरून सामान पोचवायलाच पाठवतात. तिथे तालमीच्या खोलीत तुम्ही बसतच नाही, मग शिकणार काय? पहिल्या चार-पाच दिवसांत तालीम बघायला मिळाली नाही तर सरळ बाहेर पडावं, संकोच करू नये.

फिरोदिया

फिरोदिया करंडक ही विविध कला स्पर्धा आहे. इथेही गोष्ट असते, पात्रं असतात, पण त्या गोष्टीत नाच, गाणं, वादन, चित्र, शिल्प, रांगोळी, मूकाभिनय, कसरती असं जे जे तुमच्या कॉलेजातल्या मुलांना येतं ते गुंफायचं असतं. त्यामुळे संघ मोठा, आणि पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष रंगमंचावर जाण्याची शक्यता पुरुषोत्तमपेक्षा कितीतरी जास्त. तबला वाजवणारा, मल्लखांब केलेली, शाळेत चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेला, असं कुणीही इथे नुसतं चालत नाही, हवंच असतं. अभिनय येत नाही म्हणून कुणी परत पाठवत नाही.

फिरोदियाचा अवघड भाग मात्र बाहेरून दिसत नाही. एका बाजूला प्रवेश चालू आहे आणि दुसऱ्या बाजूला चित्रकार पाठमोरा उभा राहून कॅनव्हासवर काम करतोय, असं समजा. प्रवेशातलं शेवटचं वाक्य आणि त्याचा शेवटचा फटकारा एकाच वेळी यायला हवेत. नट घाईत असेल आणि प्रवेश लवकर संपला, तर चित्र अर्धवट. चित्रकार पुढे पळाला, तर तो रिकामे हात घेऊन उभा. मग तालमीत त्याला वाक्यावाक्याला खुणा लावून दिल्या जातात: आई दार उघडते तेव्हा आकाश झालेलं पाहिजे, भांडण सुरू झालं की झाड. घरी एकट्याने शांतपणे चित्र काढणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या वेगाने हात चालवायला शिकणं फार जड जातं. पण जमलं की त्याला जे मिळतं ते कुठल्याही चित्रकलेच्या वर्गात मिळत नाही.

दोन्ही स्पर्धांची थेट तुलना केली तर मला असं दिसतं: चांगला पुरुषोत्तम संघ तुम्हाला खोल नेतो, चांगला फिरोदिया संघ तुम्हाला माणसं जोडून देतो. आर्ट्सची मुलगी, इंजिनीअरिंगचा मुलगा आणि फार्मसीचे दोघं एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. फिरोदियात असे तीस-चाळीस जण अडीच महिने एकत्र राबतात. उलट फिरोदियाचा धोका असा की कला नुसत्या ठिगळासारख्या जोडल्या जातात. गोष्ट थांबते, नाच होतो, गोष्ट पुन्हा सुरू होते. संहिता वाचनाला बसाल तेव्हा विचारा, ‘माझी कला काढून टाकली तर गोष्टीचं काय बिघडतं?’ उत्तर ‘काही नाही’ असं आलं तर तुमच्या वाट्याला शोभेचं काम आलंय.

खर्चात फिरोदिया महाग पडते. वेशभूषा, नेपथ्य, वाद्यांची ने-आण, सगळंच जास्त. कॉलेज काही रक्कम देतं, उरलेलं मुलांच्या कॉन्ट्रीतून, म्हणजे वर्गणीतून उभं राहतं. कॉन्ट्री किती आणि कधी, हे पहिल्या बैठकीतच विचारायला लाजू नका. ज्यांच्या घरी पैशांची ओढाताण आहे अशी मुलं हे विचारत नाहीत आणि मग जानेवारीत ‘अभ्यास आहे’ सांगून गप्प बाजूला होतात. हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं. समजूतदार संघ अशा मुलांची कॉन्ट्री आपसात वाटून घेतो, पण त्यासाठी त्याला कळायला हवं.

रासेयो आणि ते सात दिवस

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर, असा तिचा साचा. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. करंडक नाही, आरडाओरडा नाही, म्हणून पुष्कळ मुलं तिला ‘प्रमाणपत्राची गोष्ट’ समजतात. कॉलेजात ती तशीच चालत असेल तर ती खरोखर तशीच असते, हेही कबूल केलं पाहिजे: स्वच्छता अभियानाच्या दिवशी झाडू धरून फोटो, भाषण, घरी.

पण शिबिर नीट झालं तर चारही गोष्टींत मी रासेयोला सर्वांत वर ठेवीन. दत्तक गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, सकाळभर श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी गावासमोर कार्यक्रम. पुण्यात वाढलेल्या मुलामुलींना सतरंजीवर झोपणं, रांगेत ताट घासणं, पाणी जपून वापरणं हे सगळं नवं असतं. आणि गावाकडून आलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा वर्गातल्या शहरी मुलांना काहीतरी शिकवायला मिळतं. कुदळ कशी धरायची इथपासून. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेली मुलं शिबिरात गटप्रमुख होतात.

श्रमदानात काय असतं याचं एक उदाहरण, वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, ओढ्यातली वाळू-माती त्यांत भरायची. गोणी काठोकाठ भरायची नाही. थोडी मोकळी ठेवली तर ती बसते, शेजारणीला चिकटते. दाभणाने तोंड शिवायचं आणि ओढ्याच्या पात्रात आडवे थर लावायचे, विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडून, खाली रुंद आणि वर निमुळते. फटींत चिकणमाती थापायची. एक जण गोणी धरणार, एक भरणार, एक शिवणार, बाकीचे साखळी करून हातोहात पोचवणार. साखळीतला एक जरी पाणी प्यायला गेला तरी सगळं थांबतं. पाणी अडलेलं त्याच दिवशी डोळ्यांना दिसतं, आणि त्याचा उपयोग पुढे जवळच्या विहिरींना आणि गुरांना होतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. वनराई बंधारा ओढा वाहता असताना, पावसाळा संपल्यासंपल्या बांधायचा असतो. शिबिर जानेवारीच्या शेवटी असेल तर पुष्कळ ठिकाणी ओढा आटलेला असतो, आणि मग केवळ करायचा म्हणून बंधारा केला जातो. अशा वेळी शोषखड्डे, सलग समतल चर किंवा घरोघरचं सर्वेक्षण ही कामं जास्त खरी. नाव देताना कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा की शिबिर कोणत्या महिन्यात आणि गेल्या वर्षी केलेल्या कामाचं यंदा काय झालं. त्या गावात शिबिरानंतर पुन्हा कुणी गेलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर ऐकलंत की युनिट कसं आहे ते कळतं.

पैशांच्या बाजूने रासेयो सगळ्यांत सोपी. शिबिराला शासनाचं अनुदान असतं, खिशाला फारशी चाट बसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांतही तिला जागा आहे. आणि घरून ‘नाटकबिटक नको’ असा धाक असलेल्या मुलींना शिबिरासाठी परवानगी तुलनेने लवकर मिळते, कारण सोबत शिक्षक असतात आणि कॉलेजचं पत्र घरी येतं.

आविष्कार, जिच्याकडे कुणी वळून बघत नाही

राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन भरतं. आधी महाविद्यालय, मग जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ, शेवटी राज्य. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठापुरतं बोलायचं तर पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतून मुलं येतात. विषयांचे सहा गट आहेत: मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी; मूलभूत विज्ञान; कृषी आणि पशुसंवर्धन; अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान; वैद्यक आणि औषधनिर्माण. पदवीच्या विद्यार्थ्यांची पातळी वेगळी असते, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलाची गाठ पीएचडीवाल्याशी पडत नाही.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या गटांत गर्दी. भाषा आणि वाणिज्याच्या मुलांना मात्र बहुतेक वेळा वाटतं की हे आपलं नाहीच. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, मग संशोधन कसलं? ही समजूत मला फार खटकते, कारण त्यांचं साहित्य त्यांच्या दारात पडलेलं असतं. बी.कॉम.च्या मुलाने आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजारात बसून विक्रेत्यांना विचारावं: मोबाइलवर पैसे घेता का, नसाल तर का नाही? ‘येत नाही’, ‘विश्वास नाही’, ‘सुट्टे हातात लागतात’, ‘खातं मुलाच्या नावावर आहे’ अशी उत्तरं येतील. शेवटच्या उत्तरापाशी थांबून आणखी चार प्रश्न विचारले, तर बाजारात बसणाऱ्या बाईच्या हातात तिची कमाई किती राहते हा खरा विषय हाती लागतो. बी.ए.च्या मुलीने आपल्या आजीच्या पिढीच्या जात्यावरच्या ओव्या गावातल्या दोन वस्त्यांतून गोळा करून ताडून बघाव्यात. यासाठी लागतं काय? वही, मोबाइलचा रेकॉर्डर आणि न कंटाळता ऐकून घेणं.

सादरीकरण साधारण मीटरभर लांब-रुंद पोस्टरवर. परीक्षक समोर येऊन उभे राहतात आणि दोन-चार मिनिटांत तुमचा कस लागतो. पोस्टर सुंदर छापलेलं आहे की नाही, याने फार फरक पडत नाही. ‘यात तू स्वतः काय केलंस?’ या प्रश्नावर पुष्कळ जण अडखळतात, कारण विषय सरांचा, माहिती इंटरनेटवरची आणि आकडे सीनियरच्या जुन्या पोस्टरवरचे असतात. ज्याने बाजारात खरंच उन्हात बसून विचारलंय तो या प्रश्नावर थांबतच नाही, त्याला थांबवावं लागतं.

माझ्या कसोटीवर आविष्कार कशी उतरते? एकट्याने किंवा दोघांनी केलेल्या प्रकल्पात तुम्ही नसाल तर प्रकल्पच नाही. वाट्याला येणारं काम शंभर टक्के तुमचं. पण संघाची ऊब नाही, संध्याकाळचा कल्ला नाही, आणि मध्यावर कंटाळा आला तर ओढून नेणारं कुणी नाही. मार्गदर्शक शिक्षक कोण, यावर निम्मं ठरतं. ज्या शिक्षकांनी स्वतःहून तुमची प्रश्नावली वाचून त्यात लाल पेनाने खुणा केल्या त्यांच्याकडे जा. ‘करा, सही देतो’ म्हणणाऱ्यांकडे नको.

रात्रीच्या तालमी, हॉस्टेल आणि नोकरी

तुलना कागदावर कितीही नीट केली तरी शेवटी अनेकांचा निर्णय हॉस्टेलचं फाटक घेतं. पुरुषोत्तम आणि फिरोदिया या दोन्हींच्या तालमी स्पर्धा जवळ आली की रात्री लांबतात. मुलींच्या हॉस्टेलची आत येण्याची वेळ, मेसची वेळ, शेवटची पीएमपी बस, हे सगळं त्यात चिरडलं जातं. तालमी किती वाजता संपवतात आणि मुलींना सोडायची सोय काय, हे संघाला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांनी हॉस्टेलला पत्र दिलं की बरंच सुकर होतं. ते पत्र जुलैत मागावं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मागितलं तर हेलपाटेच पडतात. हजेरीचंही तसंच: तालमीच्या दिवसांची नोंद लेखी ठेवा.

‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणाऱ्यांना, संध्याकाळी क्लास घेणाऱ्यांना किंवा दुकानात उभं राहणाऱ्यांना रोजच्या तालमी झेपत नाहीत. त्यांनी मन मारू नये. आविष्कारचं काम रविवारी आणि सुट्टीत होतं, रासेयोचे तास आधी ठरलेले असतात. दोन्हींत पगार बुडत नाही. शिबिराच्या सात दिवसांची रजा तेवढी आधी मागून ठेवावी लागते.

बाकीचं थोडक्यात

इंजिनीअरिंगच्या मुलांसमोर आणखी दोन दारं असतात, आणि दोन्ही वर्षभराची आहेत. रोबो बनवण्याच्या रोबोकॉन या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात २००२ ची. पुण्याने ती २००८ आणि २०१४ मध्ये भरवली आणि भारतातली फेरीही अनेक वर्षं बालेवाडीत व्हायची, त्यामुळे इथल्या कॉलेजांत तिचं वेड जुनं आहे. बाहा या दुसऱ्या स्पर्धेत एका माणसाची, खडबडीत रस्त्यावर पळणारी गाडी बनवून ती मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या ट्रॅकवर चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत टिकवायची. दोन्हींत पहिल्या वर्षाला कानस, सोल्डरिंग आणि वायरिंग मिळतं. ते मन लावून करणाऱ्यालाच दुसऱ्या वर्षी डिझाइनला बसवतात. मात्र हे घेतलंत तर वरच्या चारांपैकी दुसरं काही घेऊ नका, वर्कशॉप तुमचा सगळा वेळ खातं.

गाणारे, नाचणारे, वक्तृत्वाचे विद्यार्थी विद्यापीठाच्या युवक महोत्सवाकडे लक्ष ठेवा. तिथून राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’ या आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत वाट जाते. मुंबईचे मल्हार आणि मूड इंडिगो हे महाविद्यालयीन महोत्सव बघायला जाऊन यावं, पण त्याला ‘उतरणं’ म्हणत नाहीत. आणि १९२८ पासून चालत आलेली, सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेची रेगाटा, म्हणजे नदीवरचा होड्यांचा सोहळा, तर नुसती बघायलाही सुंदर. नदीवर अंधार पडल्यावर होड्यांमधून मशाली फिरतात तेव्हा वल्ही मारणाऱ्या मुलांनी त्यासाठी किती पहाटा घालवल्या असतील याचा अंदाज येतो.

मग कुणी काय घ्यावं

बोलायला बिचकणाऱ्या, गर्दीत हरवणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या वर्षी रासेयो सांगेन आणि दुसऱ्या वर्षी पुरुषोत्तम. वाचनाची, लिहिण्याची ओढ असेल तर पुरुषोत्तमच, बॅकस्टेजला का होईना, आणि सोबत आविष्कार. हातात एखादी कला आहे पण ती आजवर घरातच राहिली, असं असेल तर फिरोदिया. शिबिर पुढच्या वर्षी. घर लांब, पैसे मोजके आणि वेळ तुटपुंजा, अशांना आविष्कार आणि रासेयो ही जोडी उत्तम. सगळंच आवडतंय असं म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात एक आणि हिवाळ्यात एक घ्यावं, तिसऱ्याला हात जोडून नाही म्हणावं.

नाव द्यायला जाल तेव्हा सीनियरला एवढं विचारा: गेल्या वर्षी पहिल्या वर्षाची किती मुलं घेतली होतीत आणि त्यांतली यंदा किती परत आली? सीनियर जरा विचार करून नावं घ्यायला लागला, अमुक आता प्रकाश बघतो, तमुक लिहिते, तर बिनधास्त आत जा. आणि क्रमाचं म्हणाल तर रासेयोचा अर्ज सगळ्यांत आधी भरा. एका युनिटमध्ये साधारण शंभरच जागा असतात आणि त्या लवकर भरतात. ऑडिशन त्यानंतर दोन दिवसांनी दिली तरी चालते.